चर्चच्या भिंतीत उघडलेल्या खिडक्या

इंग्लंडच्या नैऋत्येला विल्टशायर परगण्यात, एव्हन नदीच्या काठी लेकॉक नावाचं लहानसं गाव आहे. गाव संपतं तिथून कुरणं सुरू होतात आणि त्या कुरणांत फिकट दगडाचं एक मोठं घर उभं आहे: लेकॉक ॲबी. घराची दक्षिणेकडची भिंत नीट पाहावी अशी आहे. ही भिंत बांधली गेली तेराव्या शतकात, एका ननमठाच्या चर्चची उत्तरेकडची भिंत म्हणून. सोळाव्या शतकात मठ विकत घेणाऱ्या सरदाराने चर्च पाडलं, पण ही एक भिंत ठेवली आणि तिच्या पूर्व टोकाला अष्टकोनी बुरूज चढवला. पुढे १८३० च्या आसपास एका तरुण जमीनदाराने त्याच भिंतीच्या वरच्या भागात बाहेर झुकलेल्या तीन खिडक्या काढल्या. त्यातल्या मधल्या, लहान खिडकीचं नाव आज छायाचित्रणाच्या प्रत्येक इतिहासात येतं.

एका भिंतीवर तीन बांधणाऱ्यांचे हात पडले आणि त्यांच्यात सहाशे वर्षांचं अंतर आहे. इंग्लंडमधल्या जुन्या हवेल्यांवर लिहिणारे बहुधा घरांची शैलीवार विभागणी करतात: हे एलिझाबेथच्या काळातलं, ते बरोक, ते नव-अभिजात. लेकॉक अशा कुठल्याच कप्प्यात बसत नाही, आणि इंग्रजी घर कसं घडतं हे समजून घ्यायला म्हणूनच त्याच्यासारखं दुसरं उदाहरण नाही.

पैसेवाल्या इंग्रज घराण्यांची रीत वेगळी होती. डर्बीशायरमधल्या केडलस्टनला नथॅनियल कर्झन यांनी १७५९ नंतर वडिलोपार्जित घर पाडलं, मध्ये येणारं गाव उचलून लांब नेऊन वसवलं आणि मोकळ्या जागेवर नवा प्रासाद उभारला. जुन्यापैकी राहिलं ते फक्त चर्च. या केडलस्टनच्या नमुन्यावर कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाउस बांधलं गेलं आणि पुढे त्याच कर्झन घराण्यातला माणूस व्हाइसरॉय म्हणून तिथे राहायला आला. केडलस्टन देखणं आहे, यात वाद नाही. पण ते एका पिढीचं घर आहे. लेकॉकच्या मालकांपैकी कुणालाही सगळं जमीनदोस्त करून नव्याने मांडणी करणं जमलं नाही, कधी पैशाअभावी, कधी काटकसरीपोटी, तर कधी जुन्याची ओढ होती म्हणून. प्रत्येकाने एक कोपरा बदलला आणि बाकीचं राहू दिलं.

मठाची सुरुवात एका विधवेपासून झाली. सॉल्झबरीची काउंटेस एला ही मोठ्या जहागिरीची वारस. तिचा नवरा विल्यम लाँगस्पे हा राजा दुसऱ्या हेन्रीचा अनौरस मुलगा. तो १२२६ साली वारला. एलाने पुन्हा लग्न केलं नाही. विल्टशायरच्या शेरीफचं पद तिने स्वतः सांभाळलं, ही त्या काळात स्त्रीच्या बाबतीत फार विरळा गोष्ट. १२३२ च्या एप्रिलमध्ये तिने एकाच दिवशी दोन मठांचा पाया घातला: हिंटनला पुरुषांसाठी आणि लेकॉकला स्त्रियांसाठी. पुढे ती स्वतः लेकॉकच्या मठात दाखल झाली, तिथली प्रमुख झाली आणि १२६१ साली वारली.

तिच्या मठाचा तळमजला आजही बऱ्याच अंशी जागेवर आहे, आणि घराचं काळीज हेच. मधोमध हिरवळीचा चौक, त्याच्या भोवती दगडी ओवऱ्या. आपल्याकडच्या चौसोपी वाड्यात जसं घराचं सगळं येणंजाणं चौकाभोवती फिरतं, तसंच इथे मठाचं फिरत असे. आज दिसणाऱ्या ओवऱ्या मुख्यतः पंधराव्या शतकातल्या आहेत. छताच्या दगडी फासळ्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे कोरीव गाठी आहेत, माणसांच्या, प्राण्यांच्या, पानाफुलांच्या. पूर्वेकडच्या ओवरीतून पूजेचं सामान ठेवण्याची खोली, मग नन्सची सभेची खोली, म्हणजे चॅप्टर हाउस, आणि पुढे शेकोटीची खोली लागते. इंग्लंडच्या थंडीत दिवसभर प्रार्थना आणि काम करणाऱ्या बायकांना ऊब घ्यायला येता यावं म्हणून ती राखलेली होती. तिथे एक मोठी धातूची कढई ठेवलेली आहे. आजच्या बेल्जियममधल्या मेचेलेन गावी पीटर वाखेवेन्स नावाच्या ओतकाराने ती १५०० साली ओतली.

आठव्या हेन्रीने रोमशी फारकत घेतली आणि देशभरचे मठ बरखास्त केले. लेकॉकची पाळी आली ती १५३९ च्या जानेवारीत. पुढच्याच वर्षी ही मालमत्ता ७८३ पौंडांना सर विल्यम शॅरिंग्टन यांच्याकडे गेली. असे व्यवहार तेव्हा शेकड्यांनी झाले. विकत घेणारे बहुतेक जण छपराचं शिसं काढून विकत, घडीव दगड दुसऱ्या बांधकामाला वापरत आणि उरलेलं पडू देत. इंग्लंडभर कुरणांत उभे असलेले मठांचे भग्न खांब ही त्याच सौद्यांची खूण आहे.

शॅरिंग्टननेही चर्च पाडलं. नव्या धर्मव्यवस्थेत खाजगी घराला एवढं मोठं चर्च चिकटून असणं परवडणारं नव्हतं, शिवाय त्याच्या दगडांना किंमत होती. पण पुढचं पाऊल त्याने वेगळं टाकलं. चौक आणि ओवऱ्या त्याने मोडल्या नाहीत. खाली मठ तसाच ठेवून तो वरच्या मजल्यावर राहायला गेला. नन्सचं शयनगृह, त्यांची भोजनशाळा या वरच्या मजल्यावरच्या जागा त्याने दालनांत आणि लांबलचक गॅलरीत बदलल्या. शेकोट्या घातल्या, धुराडी चढवली, खिडक्या रुंद केल्या. त्यामुळे लेकॉकमध्ये जिना चढणं म्हणजे एका मजल्यात मध्ययुगातून ट्यूडर काळात येणं. उत्तरेला त्याने तबेल्याचं मोठं अंगण बांधलं आणि तिथे घरची बिअर गाळायची भट्टीही घातली. ती भट्टी अजून बघायला मिळते.

त्याची खरी हौस दिसते ती आग्नेय कोपऱ्यातल्या अष्टकोनी बुरुजात. मधल्या मजल्यावर भक्कम भिंतींची खोली आहे, कागदपत्रं आणि मौल्यवान चिजा ठेवण्यासाठी. तिच्या वर दुसरी खोली, जिथे जायचं तर छपरावरून चालत जावं लागतं. जेवण आटोपलं की यजमानाने निवडक पाहुण्यांना घेऊन गच्चीवरून फिरत तिथे जायचं, गोडधोड आणि वाइन घ्यायची आणि चहूकडे पसरलेली आपली जमीन दाखवायची, अशी ही नवी चाल तेव्हा रूढ होत होती.

दोन्ही खोल्यांत दगडी टेबलं आहेत. जॉन चॅपमन या कारागिराचं नाव शॅरिंग्टनच्या कामाशी जोडलेलं आहे. खालच्या खोलीतलं टेबल जवळून बघण्यासारखं. वरचा दगड अष्टकोनी, बुरुजाच्याच आकाराचा. त्याला पेलणाऱ्या खांबाभोवती चार सॅटर उकिडवे बसले आहेत. सॅटर म्हणजे ग्रीक पुराणातले अर्धे माणूस, अर्धे बोकड असे वनचर. त्यांच्या डोक्यांवर फळांनी भरलेल्या टोपल्या आहेत आणि चेहऱ्यांवर हसू. इटलीतल्या प्रबोधनकाळाच्या कल्पना इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत अजून पोचायच्या होत्या, त्या वेळी नन्सच्या मठाच्या कोपऱ्यात हे कोरलं गेलं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये इतकं सफाईचं आणि इतकं निःसंकोच काम क्वचितच आढळतं. शॅरिंग्टनने आपल्या नावाची आद्याक्षरं आणि विंचवाचं घराणेचिन्हही जागोजागी कोरून घेतलं.

एवढा पैसा कुठून आला? शॅरिंग्टन ब्रिस्टलच्या टाकसाळीचा अधिकारी होता. नाण्यांत हिणकस धातू मिसळून, त्यांच्या कडा कातरून आणि हिशेब फिरवून त्याने स्वतःची धन केली. हेन्रीनंतर गादीवर आलेल्या राजाचा मामा थॉमस सीमूर याला बंडासाठी पैसा हवा होता आणि तो याच टाकसाळीतून यायचा होता. १५४९ च्या जानेवारीत दोघांना अटक झाली. सीमूरचं डोकं मार्चमध्ये उडालं. शॅरिंग्टनने सगळं कबूल केलं आणि त्याला माफी मिळाली. ह्यू लॅटिमर या नामांकित धर्मोपदेशकाने प्रवचनात त्याच्या पश्चात्तापाची वाखाणणी केली. मोठी रक्कम भरून त्याने जप्त झालेल्या जमिनी परत मिळवल्या, विल्टशायरचा शेरीफही झाला आणि १५५३ साली वारला. घर त्याच्या भावाकडे आलं. भावाची मुलगी ऑलिव्ह हिने जॉन टॅल्बटशी लग्न केलं आणि लेकॉकला टॅल्बट हे नाव लागलं. ऑलिव्ह प्रियकराला भेटायला तटावरून खाली उडी मारून गेली, अशी कथा या घराण्याबद्दल सांगितली जाते.

पुढची दीडशे-दोनशे वर्षं भराभर ओलांडता येतील. लक्ष वेधून घेणारा पुढचा मालक म्हणजे अठराव्या शतकातला जॉन आयव्हरी टॅल्बट. पश्चिमेच्या बाजूला शॅरिंग्टनच्या काळचा दिवाणखाना होता. तो काढून १७५० च्या दशकाच्या मध्याला त्याने नवा उभारला. काम दिलं सँडरसन मिलरला. मिलर हा वॉरिकशायरचा जमीनदार. वास्तुकला हा त्याचा पेशा नव्हता, पण मध्ययुगीन दिसणाऱ्या इमारती आणि मुद्दाम बांधलेले भग्नावशेष यांसाठी त्याची ख्याती झाली होती. अशा रीतीने अस्सल गॉथिक ओवऱ्या असलेल्या घरात अठराव्या शतकाने आपल्या कल्पनेतलं गॉथिक आणून बसवलं: टोकदार कमानी, गोल फूलखिडकी, भिंतींत मूर्तींसाठी कोनाडे आणि कमानदार छतावर टॅल्बटच्या मित्रांची, शेजाऱ्यांची रंगवलेली घराणेचिन्हं.

दोन्ही गॉथिक एका फेरीत पाहिली की फरक लगेच ध्यानात येतो. ओवऱ्यांच्या फासळ्या छताचं वजन वाहतात, मिलरच्या कमानी देखावा उभा करतात. म्हणून त्या कमी प्रतीच्या ठरत नाहीत. इंग्रज माणूस आपल्या मध्ययुगाकडे पुन्हा प्रेमाने पाहू लागला त्या क्षणाची ती निशाणी आहे, आणि तशी निशाणी इतकी ताजी फार थोड्या ठिकाणी टिकली आहे. कोनाड्यांतल्या मूर्ती भाजलेल्या मातीच्या आहेत, व्हिक्टर अलेक्झांडर झेडरबाख या ऑस्ट्रियन मूर्तिकाराने घडवलेल्या. एलाची मूर्तीही त्यांत आहे. झेडरबाख फार स्वस्तात काम करत होता, याचं टॅल्बटला समाधान होतं. त्यातल्या एका बोकडाच्या नाकावर विसाव्या शतकात कुणा विद्यार्थ्याने साखरेचा खडा ठेवला. तोही आता दिवाणखान्याचा भाग होऊन बसला आहे.

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटचा जन्म १८०० च्या फेब्रुवारीतला. तो पाच महिन्यांचा असताना वडील वारले आणि मागे सुमारे ३०,००० पौंडांचं कर्ज ठेवून गेले. कर्ज फेडण्यासाठी घर भाड्याने द्यावं लागलं. वारस असलेला मुलगा घराबाहेर वाढला. त्याची आई, लेडी एलिझाबेथ, कर्तबगार बाई. तिने आणि तिच्या दुसऱ्या नवऱ्याने जमिनीचा कारभार मार्गावर आणला. केंब्रिजहून गणितात चमकून आलेला टॅल्बट १८२७ साली, सत्ताविसाव्या वर्षी, आपल्या घरात राहायला आला.

आल्याबरोबर दक्षिणेकडची गॅलरी त्याने हाताशी घेतली. इथेच ती चर्चची जुनी भिंत होती, जाड, आणि तिच्यामुळे आत हवा तेवढा उजेड येत नव्हता. तीन झुकत्या खिडक्या काढल्यावर गॅलरीत दक्षिणेचं ऊन भरून आलं. मधल्या खिडकीच्या तावदानांना शिशाच्या पट्ट्यांची बारीक जाळी होती.

१८३३ साली टॅल्बट पत्नी कॉन्स्टन्सबरोबर इटलीत कोमो सरोवराकाठी होता. समोरचं दृश्य लोलकाच्या साधनाने कागदावर टिपायचा त्याचा प्रयत्न होता आणि हात साथ देत नव्हता. तिथे त्याला सुचलं, की उजेडानेच कागदावर आपला ठसा उमटवला तर? घरी परतून त्याने प्रयोग सुरू केले. चांगल्या प्रतीचा लिहिण्याचा कागद मिठाच्या पाण्यात बुडवायचा, वाळवायचा, त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा हात द्यायचा. कागदात सिल्व्हर क्लोराइड तयार होतं आणि ते उजेडात काळवंडतं. पाहिजे तेवढं काळवंडलं की पुन्हा मिठाच्या तीव्र द्रावणाने ती क्रिया थोपवायची. गावच्या सुताराकडून त्याने लहान लहान लाकडी खोकी करून घेतली, त्यांत भिंग बसवलं आणि ती घराभोवती ठेवून दिली. कॉन्स्टन्स त्यांना उंदीर पकडायचे सापळे म्हणत असे.

१८३५ च्या ऑगस्टमध्ये असं एक खोकं गॅलरीत, त्या मधल्या खिडकीकडे तोंड करून ठेवलेलं होतं. उन्हाळ्याचं ऊन तावदानांतून थेट आत येत होतं. बराच वेळाने कागद बाहेर निघाला. त्यावर खिडकी होती, उलट्या उजेडाची: तावदानं काळी आणि शिशाची जाळी पांढरी. कागद जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा, जांभळट छटेचा. त्याच्याशेजारी टॅल्बटने टीप लिहून ठेवली, की नुकतं केलं तेव्हा भिंगातून काचेचे सुमारे २०० चौकोन मोजता येत होते. जगात टिकून राहिलेली ही सर्वांत जुनी निगेटिव्ह. ती आज ब्रिटनच्या सायन्स म्युझियम समूहाच्या संग्रहात आहे.

इथे वास्तुकला आणि छायाचित्रण यांची गाठ पडते ती योगायोगाने नाही. कागद मंद होता, त्याला अर्धा-एक तास एकसारखा उजेड लागत असे. इतका वेळ न हलणारी वस्तू म्हणजे घर. म्हणून टॅल्बटच्या सुरुवातीच्या चित्रांत बुरूज, ओवऱ्या, छपराची कड, खिडक्या पुन्हा पुन्हा येतात. पॅरिसच्या दागेरने छायाचित्रणाचा आपला शोध जाहीर केल्यावर १८३९ च्या जानेवारीत टॅल्बटला घाईने आपलं काम पुढे आणावं लागलं. २५ तारखेला मायकेल फॅरडेने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याची चित्रं लोकांना दाखवली आणि आठवड्याच्या आत टॅल्बटने रॉयल सोसायटीला निबंध सादर केला. आपलं घर हे स्वतःचं चित्र स्वतः काढणारी जगातली पहिली इमारत आहे, असा दावा त्याने त्यात केला. पुढच्या वर्षी त्याला उमगलं, की कागदावर दिसण्याआधीच ठसा सुप्तपणे उमटलेला असतो आणि गॅलिक आम्लाने तो वर आणता येतो. तासांचं काम मिनिटांवर आलं. या पद्धतीचं त्याने कॅलोटाइप असं नाव ठेवलं. १८४४ ते १८४६ दरम्यान त्याने काढलेल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या पुस्तकात २४ छायाचित्रं आहेत आणि त्यांत लेकॉकचा बुरूज आणि ओवऱ्या आहेत.

एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती काढायची ही कागदी पद्धत हिंदुस्थानात लवकर आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारी मंडळावर होते. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारने कॅप्टन थॉमस बिग्स याला विजापूर, बदामी, ऐहोळे इथली देवळं आणि मशिदी टिपायच्या कामावर नेमलं. त्याने ती टिपली कॅलोटाइपनेच.

टॅल्बट १८७७ साली गेला. त्याच वर्षी लंडनमध्ये विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. व्हिक्टोरियन वास्तुकार जुन्या चर्चना ‘मूळ रूप’ देण्याच्या भरात मधल्या शतकांचं काम खरवडून काढत होते, त्याविरुद्ध मॉरिसने आवाज उठवला. लेकॉकमध्ये हा प्रश्न अगदी घरात येऊन उभा होता. टॅल्बटचा मुलगा चार्ल्स हेन्री याला मध्ययुगाचा ध्यास. हॅरल्ड ब्रेक्सपियर या वास्तुकाराने त्या काळात, एकोणिसावं शतक सरताना, पाडलेल्या चर्चच्या जागी उत्खनन केलं आणि मठाचा आराखडा मांडला. चर्च कुठवर पसरलं होतं ते आज सांगता येतं ते या कामामुळे. पण त्या चर्चची उरलेली भिंत मोकळी करायची, तर शॅरिंग्टन आणि टॅल्बट यांचं काम उतरवावं लागलं असतं. १२३२ चं रूप, १५५० चं की १८३० चं, यांतलं एक निवडणं म्हणजे बाकीच्या दोघांना घराबाहेर काढणं. सुदैवाने लेकॉकने ती निवड केली नाही, आणि हे या घराच्या मालकांचं सर्वांत मोठं श्रेय मानायला हवं.

१९१६ साली चार्ल्स हेन्री वारला. घर आलं त्याची भाची माटिल्डा हिच्याकडे, आणि तिने टॅल्बट हे नाव घेतलं. तो काळ अशा घरांना घातकीच होता. १८७० नंतर शेतमालाचे भाव कोसळले होते, १८९४ पासून वारसाकर चढत गेला, महायुद्धांत घरं सैन्याने ताब्यात घेतली, नोकरमाणसं मिळेनाशी झाली. विसाव्या शतकात इंग्लंडमधल्या एक हजाराहून जास्त हवेल्या पाडल्या गेल्या. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात या विध्वंसावर भरलेलं प्रदर्शन पाहून लोक हादरले. माटिल्डाने फार आधी पाऊल उचललं होतं. आजोबांच्या प्रयोगांचा मोठा ठेवा तिने १९३७ साली सायन्स म्युझियमला दिला, आणि १९४४ मध्ये घरासकट जवळजवळ सगळं गाव जुन्या वास्तू जतन करणाऱ्या नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केलं. लेकॉकने सातशे वर्षं सांभाळलेली १२२५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेची प्रत तिने महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली.

त्यानंतरही घराला नवी कामं लागत गेली. चॅप्टर हाउस, पूजासामानाची खोली आणि शेकोटीची खोली यांना हॅरी पॉटरच्या पहिल्या चित्रपटात हॉगवर्ट्स शाळेतल्या खोल्यांची भूमिका मिळाली, आणि आता ओवऱ्यांत सर्वांत जास्त गर्दी असते ती शाळकरी मुलांची. त्यातली बरीचशी वाखेवेन्सच्या कढईपाशी थांबतात. फाटकाजवळच्या जुन्या कोठारात १९७५ साली फॉक्स टॅल्बट संग्रहालय सुरू झालं. शेतमालासाठी बांधलेल्या त्या वास्तूत खाली छायाचित्रणाच्या इतिहासाची मांडणी आहे आणि वरच्या दालनात आजच्या छायाचित्रकारांची कामं भिंतीवर लागतात.